एक सार्वजनिक पत्ता, अनेक संगणक : खासगी संगणकजाळ्यातील पत्ता-रूपांतर आणि संस्थेचे उत्तरदायित्व

सारांश

महाविद्यालयातील सर्व संगणक व भ्रमणध्वनी बाहेरच्या इंटरनेटवर बहुधा एकाच सार्वजनिक पत्त्याने वावरतात. हे ज्या प्रक्रियेमुळे शक्य होते, तिला नेटवर्क अ‍ॅड्रेस ट्रान्सलेशन, संक्षेपाने 'नॅट', म्हणजेच पत्ता-रूपांतर असे म्हणतात. प्रस्तुत लेखात या प्रक्रियेची पार्श्वभूमी, कार्यपद्धती व मर्यादा यांचे विवेचन केले आहे. पत्ता-रूपांतरामुळे पत्त्यांची बचत होते. परंतु त्याचबरोबर संपूर्ण संस्था जगासमोर एकच व्यक्ती म्हणून उभी राहते. कृती कोणाची, हे दर्शविणारी नोंद राऊटरमध्ये अल्पकाळच टिकते. ती स्वतंत्रपणे जतन करणे ही संस्थेची जबाबदारी आहे, असे प्रतिपादन येथे केले आहे.

बीजशब्द : आयपी पत्ता, खासगी संगणकजाळे, पत्ता-रूपांतर, पोर्ट क्रमांक, नोंदजतन, उत्तरदायित्व.

प्रस्तावना

महाविद्यालयाच्या कार्यालयातील एखाद्या संगणकाचा आयपी पत्ता पाहिला, तर तो १९२.१६८.१.२१ असा काहीसा आढळतो. त्याच संगणकावरून एखाद्या संकेतस्थळास 'माझा पत्ता कोणता?' असे विचारले, तर ते निराळाच पत्ता सांगते. ग्रंथालयातील संगणकावर हाच प्रयोग केल्यास आतील पत्ता बदलतो, बाहेरचा मात्र तोच राहतो. ही विसंगती म्हणजे बिघाड नव्हे. आजच्या इंटरनेटचा फार मोठा भाग तिच्यावरच उभा आहे.

या विषयाकडे संगणकशास्त्र विभागाचा अंतर्गत विषय म्हणून पाहण्याची आपली प्रवृत्ती असते. ती योग्य नाही, याचा प्रत्यय प्रस्तुत लेखकास एका प्रसंगातून आला. काही वर्षांपूर्वी लेखक एका महाविद्यालयात तासिका तत्त्वावर अध्यापन करीत असताना, त्या महाविद्यालयास इंटरनेट सेवा पुरवठादाराकडून एक पत्र आले. अमुक तारखेस दुपारी महाविद्यालयाच्या पत्त्यावरून एका संकेतस्थळावरील खात्यांत अनधिकृत प्रवेशाचे प्रयत्न झाले असून, संबंधित व्यक्तीचे नाव सात दिवसांत कळवावे, असा त्या पत्राचा आशय होता. पत्रात पत्ता होता, तारीख होती, वेळही होती. परंतु त्या दुपारी त्या एका पत्त्यामागे कार्यालय, ग्रंथालय, संगणक कक्ष आणि वायफाय धरून शंभराहून अधिक साधने कार्यरत होती. त्यांपैकी नेमके कोणते, हे सांगणारी एकही नोंद महाविद्यालयाकडे नव्हती. नोंद नसली की संशय येतो, आणि संशय बहुधा सर्वांत दुबळ्या माणसावर स्थिरावतो. त्या वेळी संगणक कक्षात हजर असलेल्या कंत्राटी प्रयोगशाळा सहायकास दोनदा बोलावून विचारणा झाली. काहीही सिद्ध झाले नाही. पण पुढील वर्षी त्याचे कंत्राट वाढविले गेले नाही. त्याचे कारण कोणी लेखी दिले नाही. प्रस्तुत लेख त्या प्रसंगाच्या निमित्ताने सुरू झालेल्या अभ्यासातून सिद्ध झाला आहे.

लेखाची उद्दिष्टे

१. सार्वजनिक व खासगी आयपी पत्ते यांतील भेद व त्यामागील कारणे स्पष्ट करणे.
२. एका सार्वजनिक पत्त्यावर अनेक संगणक कसे चालतात, याची कार्यपद्धती समजावून देणे.
३. या पद्धतीच्या मर्यादा व तिच्याविषयीचे गैरसमज मांडणे.
४. महाविद्यालयाच्या उत्तरदायित्वाच्या दृष्टीने करावयाच्या उपायांची चर्चा करणे.

विवेचनासाठी वर्णनात्मक पद्धतीचा अवलंब केला असून, 'आरएफसी' या नावाने प्रसिद्ध होणाऱ्या इंटरनेटच्या तांत्रिक दस्तऐवजांचा आधार घेतला आहे. उदाहरणांतील २०३.०.११३.२५ यासारखे सार्वजनिक पत्ते केवळ लेखनातील उदाहरणांसाठी राखून ठेवलेल्या पट्ट्यांतील आहेत. ते कोणत्याही संस्थेचे नाहीत.

१. पत्त्यांची टंचाई

आज प्रचलित असलेल्या आयपी पत्त्याची चौथी आवृत्ती, म्हणजे आयपीव्ही४, सप्टेंबर १९८१ मध्ये आरएफसी ७९१ या दस्तऐवजाने निश्चित झाली. हा पत्ता ३२ बिटांचा असतो. त्यामुळे एकूण पत्ते ४,२९,४९,६७,२९६ इतकेच होऊ शकतात. ही संख्या त्या वेळच्या जगाच्या लोकसंख्येहूनही कमी होती. परंतु विद्यापीठे, संशोधन संस्था व संरक्षण खाते यांच्या मोजक्या संगणकांसाठी ती अमर्याद भासत होती.

वाटपाची सुरुवातीची रीतही उधळपट्टीची होती. पत्ते तीन ठरावीक आकारांच्या गटांत दिले जात : सुमारे १ कोटी ६७ लाखांचा गट, ६५,५३६ चा गट आणि २५६ चा गट. ज्या संस्थेस दोन हजार पत्ते हवेत, तिला २५६ चा गट अपुरा पडे. म्हणून तिच्या पदरात ६५,५३६ चा गट पडे आणि उरलेले पत्ते पडून राहत. सप्टेंबर १९९३ मध्ये गरजेनुसार लहानमोठे गट देण्याची पद्धत प्रमाणित झाली. त्याने उधळपट्टी कमी झाली, तरी टंचाई टळली नाही.

मे १९९४ मध्ये केल्ड एगेवांग व पॉल फ्रान्सिस यांनी आरएफसी १६३१ या दस्तऐवजात पत्ता-रूपांतराची कल्पना मांडली. संस्थेच्या सीमेवरील यंत्राने आतील पत्त्यांचे बाहेरील पत्त्यांत रूपांतर करावे, असे तिचे सूत्र होते. दीर्घकालीन उपाय तयार होईपर्यंतची ही तात्पुरती सोय आहे, असेच तिचे स्वरूप होते. तात्पुरत्या सोयी कायम होण्याचा अनुभव आपल्या कार्यालयांनाही नवा नाही. येथेही तेच घडले. भारतात १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमाने सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सेवा सुरू केली, तेव्हा एका दूरध्वनी जोडणीवर एक संगणक हीच रीत होती. १९९९ मध्ये आलेल्या विंडोज ९८ च्या दुसऱ्या आवृत्तीत एक जोडणी अनेक संगणकांत वाटण्याची सोय अंतर्भूत झाली आणि हे तंत्र लहान कार्यालयांच्याही आवाक्यात आले.

दरम्यान टंचाई वाढतच गेली. ३ फेब्रुवारी २०११ रोजी जागतिक साठ्यातील शेवटचे पाच मोठे गट पाच प्रादेशिक नोंदणी संस्थांना वाटण्यात आले आणि मध्यवर्ती कोठार रिकामे झाले. भारत ज्या आशिया-पॅसिफिक विभागात मोडतो, त्या विभागाची नोंदणी संस्था १५ एप्रिल २०११ रोजी आपल्या अखेरच्या गटापर्यंत पोहोचली. यानंतर सार्वजनिक पत्ता ही काटकसरीने वापरावयाची वस्तू झाली.

२. खासगी पत्ते

फेब्रुवारी १९९६ च्या आरएफसी १९१८ या दस्तऐवजाने तीन पट्टे खासगी वापरासाठी राखून ठेवले. १०.०.०.० पासून १०.२५५.२५५.२५५ पर्यंतच्या पहिल्या पट्ट्यात १,६७,७७,२१६, १७२.१६.०.० पासून १७२.३१.२५५.२५५ पर्यंतच्या दुसऱ्या पट्ट्यात १०,४८,५७६, आणि १९२.१६८.०.० पासून १९२.१६८.२५५.२५५ पर्यंतच्या तिसऱ्या पट्ट्यात ६५,५३६ पत्ते आहेत. हे पत्ते कोणीही, कोणाचीही परवानगी न घेता वापरावेत. मात्र ते आपल्या आवारापुरतेच ठेवावेत, असा नियम आहे. सार्वजनिक इंटरनेटवर या पत्त्यांकडे जाण्याचा मार्गच नसतो.

वर्गातील हजेरी क्रमांकाशी याची तुलना करता येईल. 'हजेरी क्रमांक २१' हा प्रत्येक वर्गात असतो आणि त्या वर्गात तो पुरेसाही असतो. परंतु विद्यापीठास केवळ 'क्रमांक २१' असे कळविल्यास काहीच बोध होत नाही. तेथे परीक्षेचा आसन क्रमांक लागतो. १९२.१६८.१.२१ हा पत्ताही त्याच कारणाने एकाच वेळी असंख्य घरांत व कार्यालयांत नांदू शकतो. मात्र दोन आवारांची जाळी पुढे एकमेकांस जोडावयाची झाल्यास आणि दोहोंनी तोच पट्टा घेतलेला असल्यास गोंधळ होतो. म्हणून एकाच संस्थेच्या निरनिराळ्या आवारांसाठी निरनिराळे उपपट्टे आधीच ठरविणे हिताचे असते.

३. पत्ता-रूपांतराची क्रिया

ही क्रिया समजून घेण्यासाठी महाविद्यालयाच्या आवक-जावक नोंदवहीसारखे दुसरे उदाहरण नाही. भूगोल विभागातील प्राध्यापकास विद्यापीठाशी पत्रव्यवहार करावयाचा असेल, तर पत्र प्राचार्यांच्या मार्फत जाते. त्यावर महाविद्यालयाचा पत्ता असतो, शिक्का असतो आणि एक जावक क्रमांक असतो. तो क्रमांक कोणत्या विभागाच्या पत्राला दिला, हे लिपिक वहीत नोंदवितो. विद्यापीठाचे उत्तर महाविद्यालयाच्या नावे येते. त्यात 'संदर्भ : आपले पत्र जा. क्र. ४१२' असे लिहिलेले असते. लिपिक वही उघडतो, ४१२ समोर भूगोल विभाग पाहतो आणि पत्र तिकडे धाडतो. विद्यापीठास भूगोल विभागाच्या खोलीचा क्रमांक ठाऊक असण्याची गरज पडत नाही.

राऊटर हेच काम करतो. इंटरनेटवरून जाणारी माहिती लहान लहान पॅकेटांत विभागलेली असते. प्रत्येक पॅकेटच्या शीर्षभागात पाठविणाऱ्याचा पत्ता व पोर्ट क्रमांक आणि स्वीकारणाऱ्याचा पत्ता व पोर्ट क्रमांक लिहिलेला असतो. पोर्ट क्रमांक म्हणजे एकाच संगणकावर एकाच वेळी चाललेले निरनिराळे संवाद वेगळे ओळखण्याचा १६ बिटांचा आकडा होय. येथे जावक क्रमांकाचे काम हाच आकडा करतो.

समजा, कार्यालयातील संगणक १९२.१६८.१.२१ व ग्रंथालयातील संगणक १९२.१६८.१.३४ यांनी एकाच वेळी १९८.५१.१००.८ या संकेतस्थळाशी संवाद सुरू केला. दोघांनीही योगायोगाने ५०२१४ हाच पोर्ट क्रमांक निवडला. संस्थेचा सार्वजनिक पत्ता २०३.०.११३.२५ आहे. अशा वेळी राऊटरमधील रूपांतर-तक्ता पुढीलप्रमाणे दिसेल.

तक्ता क्र. १ : रूपांतर-तक्त्याचे उदाहरण

| अ. क्र. | आतील पत्ता व पोर्ट | बाहेरील पत्ता व पोर्ट | गंतव्य पत्ता व पोर्ट |
|---|---|---|---|
| १ | १९२.१६८.१.२१ – ५०२१४ | २०३.०.११३.२५ – ५०२१४ | १९८.५१.१००.८ – ४४३ |
| २ | १९२.१६८.१.३४ – ५०२१४ | २०३.०.११३.२५ – ६१००७ | १९८.५१.१००.८ – ४४३ |

पहिल्या संगणकाचे पॅकेट निघाले तेव्हा ५०२१४ हा क्रमांक मोकळा होता. तो तसाच राहिला, फक्त पत्ता बदलला. दुसऱ्या संगणकाचे पॅकेट आले तेव्हा तो क्रमांक अडलेला होता. म्हणून राऊटरने पत्त्याबरोबर पोर्टही बदलून ६१००७ केला. शीर्षभागातील मजकूर बदलल्यामुळे, पॅकेटची शुद्धता तपासण्यासाठी त्यात असलेली बेरीजही राऊटर नव्याने मांडतो. अन्यथा स्वीकारणारा संगणक ते पॅकेट सदोष समजून टाकून देईल. ६१००७ या क्रमांकावर उत्तर येताच तक्ता पाहून पत्ता व पोर्ट पुन्हा मूळचे केले जातात आणि पॅकेट ग्रंथालयाकडे जाते. कोणत्याही संगणकास या अदलाबदलीची जाणीव होत नाही. पत्ता व पोर्ट दोन्ही बदलणाऱ्या या प्रकाराचे सविस्तर वर्णन जानेवारी २००१ च्या आरएफसी ३०२२ मध्ये आढळते.

१६ बिटांमुळे पोर्ट क्रमांक ६५,५३६ होतात. एकच संकेतस्थळ उघडताना अनेक संवाद एकदम सुरू होत असल्याने हे क्रमांक भराभर खर्च होतात. गंतव्य निराळे असल्यास तोच क्रमांक पुन्हा वापरण्याची युक्ती काही राऊटर करतात. तरीही शेकडो वापरकर्ते असलेल्या महाविद्यालयात, विशेषतः साध्या घरगुती राऊटरवर, तक्ता भरून नवे संवाद नाकारले जाण्याचा संभव असतो. परीक्षा अर्ज भरण्याच्या अखेरच्या दिवशी जोडणी 'अडकते', तेव्हा दोष नेहमी वेगाचाच असतो असे नव्हे.

४. नोंदीचे आयुष्य

आवक-जावक वहीची उपमा एका महत्त्वाच्या ठिकाणी अपुरी पडते. कार्यालयातील वही वर्षानुवर्षे कपाटात राहते. राऊटरमधील तक्ता मात्र स्मृतीत लिहिलेला असतो आणि संवाद संपला की त्यातील ओळ पुसली जाते. ते आवश्यकही आहे. तसे न केल्यास क्रमांक संपून जातील. संवाद शांत असताना ओळ किमान किती काळ ठेवावी, याचेही दंडक आहेत. जानेवारी २००७ च्या आरएफसी ४७८७ नुसार यूडीपी प्रकारच्या संवादाची ओळ सर्वसाधारणपणे दोन मिनिटांपूर्वी पुसू नये व शक्यतो पाच मिनिटे ठेवावी. ऑक्टोबर २००८ च्या आरएफसी ५३८२ नुसार प्रस्थापित टीसीपी संवादासाठी ही मर्यादा किमान २ तास ४ मिनिटे आहे. राऊटर बंद करून पुन्हा सुरू केला, तर सारा तक्ता एका क्षणात नाहीसा होतो.

म्हणजेच, 'त्या दुपारी ६१००७ हा क्रमांक कोणाचा होता?' या प्रश्नाचे उत्तर त्या दुपारी राऊटरजवळ होते, संध्याकाळी नव्हते. प्रस्तावनेतील पत्र कित्येक दिवसांनी आले होते.

५. मर्यादा व गैरसमज

आतून सुरू झालेल्या संवादाचे उत्तर आत येते. परंतु बाहेरून प्रथमच आलेल्या पॅकेटसाठी तक्त्यात ओळ नसल्याने ते टाकून दिले जाते. महाविद्यालयातील एखादा सर्व्हर बाहेरून उपलब्ध करावयाचा असेल, तर 'अमुक पोर्टवर येणारे सर्व अमुक संगणकाकडे पाठवावे' अशी कायमची ओळ लिहावी लागते. ज्या सेवा संदेशाच्या पोटात स्वतःचा पत्ता लिहितात, त्यांचीही अडचण होते. जुन्या एफटीपी पद्धतीत व इंटरनेटवरील दूरध्वनी सेवांत असे घडते. शीर्षभागातील पत्ता बदलतो, पोटातील मात्र खासगीच राहतो. त्यासाठी वेगळ्या सोयी कराव्या लागतात.

बाहेरचे अनाहूत पॅकेट आत येत नाही, यावरून पत्ता-रूपांतर म्हणजेच सुरक्षा असा समज रूढ झाला आहे. तो अर्धवट आहे. ईमेलसोबत आलेली घातक फाईल, संक्रमित पेन ड्राईव्ह किंवा फसवे संकेतस्थळ यांपासून पत्ता-रूपांतर काहीच संरक्षण देत नाही; कारण तेथे संवाद आतूनच सुरू होतो. सीसीटीव्ही घरून पाहता यावा म्हणून लिहिलेली कायमची ओळ तर दारच उघडे ठेवते. २०१६ मध्ये 'मिराई' या घातक प्रणालीने कारखान्यातून आलेले संकेतशब्द न बदललेल्या कॅमेऱ्यांचा व तत्सम साधनांचा मोठा ताफा ताब्यात घेतला आणि २१ ऑक्टोबर २०१६ रोजी त्याच्या साहाय्याने 'डिन' या कंपनीच्या सेवेवर हल्ला झाला. त्यामुळे अनेक प्रसिद्ध संकेतस्थळे काही तास विस्कळीत झाली. अग्निभिंत, म्हणजे फायरवॉल, ही निराळी व्यवस्था आहे आणि तिची निराळी तरतूद करणे आवश्यक आहे.

६. एक पत्ता, अनेक माणसे

पत्ता-रूपांतराचा सर्वांत दूरगामी परिणाम तांत्रिक नसून प्रशासकीय आहे. बाहेरच्या जगास प्राचार्य, ग्रंथपाल, प्रथम वर्षाचा विद्यार्थी व पाहुणा वक्ता हे सारे एकच दिसतात. त्यामुळे एकाच्या कृतीचे फळ सर्वांस मिळते. संशोधन नियतकालिकांचे काही प्रकाशक संस्थेस तिच्या पत्त्यावरून ओळखतात. एका उत्साही संशोधकाने यांत्रिक पद्धतीने शेकडो लेख उतरविण्याचा प्रयत्न केला, तर प्रकाशक तो पत्ता बंद करतो आणि संपूर्ण संस्थेचा प्रवेश थांबतो. एका संक्रमित संगणकाने अनाहूत ईमेल पाठविले, तर संस्थेचा पत्ता काळ्या यादीत जाऊन त्यावरून जाणारी खरी पत्रेही अडविली जातात.

याहून गंभीर प्रश्न दोषनिश्चितीचा आहे. बाहेरून आलेल्या तक्रारीपासून व्यक्तीपर्यंत पोहोचण्यासाठी तीन कड्यांची साखळी जुळावी लागते. पहिली कडी : विशिष्ट क्षणी विशिष्ट बाहेरील पोर्ट कोणत्या आतील पत्त्यास दिला होता. दुसरी कडी : तो आतील पत्ता त्या वेळी कोणत्या यंत्राकडे होता, कारण आतील पत्तेही बहुधा डीएचसीपी पद्धतीने ठरावीक मुदतीसाठीच दिलेले असतात. तिसरी कडी : ते यंत्र त्या वेळी कोण वापरीत होते. यांपैकी एक कडी जरी निखळली, तरी उरते ते अनुमान.

पहिल्या कडीसाठी तक्रारीत पोर्ट क्रमांक व सेकंदापर्यंत अचूक वेळ असणे अनिवार्य आहे. जून २०११ च्या आरएफसी ६३०२ ने इंटरनेटवरील सर्व्हरांनी केवळ पत्ता न नोंदविता पोर्ट व अचूक वेळही नोंदवावी, अशी शिफारस केली. अनेक ठिकाणी ती पाळली जात नाही. दुसऱ्या कडीत पूर्वी यंत्राच्या मॅक पत्त्यावर भिस्त असे. परंतु अँड्रॉइड १० (२०१९) व आयओएस १४ (२०२०) यांपासून भ्रमणध्वनी प्रत्येक वायफाय जाळ्यासाठी कृत्रिम मॅक पत्ता वापरू लागले आहेत. त्यामुळे वायफायवर वैयक्तिक खात्याने प्रवेश देणे हाच विश्वसनीय मार्ग उरतो. एकच संकेतशब्द फळ्यावर लिहून सर्वांस देणे म्हणजे तिसरी कडी स्वतःच तोडणे होय. एखाद्या विभागाने सोयीसाठी स्वतःचा घरगुती राऊटर जोडला, तर रूपांतराच्या आत दुसरे रूपांतर होते आणि मुख्य नोंदीत त्या विभागातील सर्वांची मिळून एकच ओळ दिसते.

सेवा पुरवठादाराकडेही असेच घडू शकते. टंचाईमुळे पुरवठादार अनेक ग्राहकांत मिळून एक सार्वजनिक पत्ता वापरतात. एप्रिल २०१२ च्या आरएफसी ६५९८ ने त्यासाठी १००.६४.०.० पासून १००.१२७.२५५.२५५ पर्यंतचा ४१,९४,३०४ पत्त्यांचा पट्टा राखून ठेवला. आपल्या राऊटरच्या बाहेरील बाजूस या पट्ट्यातील पत्ता दिसत असेल, तर 'आपला' समजला जाणारा सार्वजनिक पत्ता केवळ आपला नाही, हे जाणून घ्यावे. अशा वेळी केवळ पत्त्याच्या आधारे केलेली तक्रार महाविद्यालयाविरुद्धही सिद्ध होत नाही.

कायद्याची दिशाही लक्षात घ्यावयास हवी. माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० च्या कलम ७०-ब (६) अन्वये सर्ट-इन या केंद्रीय संस्थेने २८ एप्रिल २०२२ रोजी काढलेल्या निर्देशांत संगणक प्रणालींच्या नोंदी १८० दिवस सुरक्षित ठेवण्याची व घड्याळे राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्र किंवा राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळा यांच्या वेळेशी जुळविण्याची तरतूद आहे. सेवा पुरवठादार, मध्यस्थ, डेटा केंद्रे, निगम संस्था व शासकीय संघटना यांना उद्देशून ती आहे. एखादे महाविद्यालय त्यात कसे मोडते हा कायदेशीर अर्थनिर्णयाचा भाग असला, तरी १८० दिवसांचे मानक स्वीकारण्यास कोणतीच आडकाठी नाही. घड्याळाचा मुद्दा क्षुल्लक नाही. राऊटरचे घड्याळ दहा मिनिटे पुढे असेल, तर जतन केलेली नोंदच निरपराध व्यक्तीकडे बोट दाखवील.

याची दुसरी बाजूही तितकीच महत्त्वाची आहे. खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचे सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी स्पष्ट केले आहे. नोंद ठेवणे म्हणजे प्राध्यापक व विद्यार्थी काय वाचतात यावर पाळत ठेवणे नव्हे. रूपांतराच्या नोंदीत वेळ, आतील पत्ता व पोर्ट आणि बाहेरील पोर्ट एवढेच असले तरी बहुतेक प्रसंगी काम भागते. मजकुराची गरज नसते. ती कोणी, केव्हा व कोणाच्या लेखी परवानगीने पाहावी, हे आधीच ठरलेले असावे.

७. आयपीव्ही६ : पर्याय कितपत?

ज्या दीर्घकालीन उपायाच्या प्रतीक्षेत पत्ता-रूपांतर स्वीकारले गेले, तो म्हणजे १२८ बिटांचा पत्ता असलेली सहावी आवृत्ती. डिसेंबर १९९८ मध्ये तिचा आराखडा प्रसिद्ध झाला व जुलै २०१७ मध्ये तिला पूर्ण मानकाचा दर्जा मिळाला. तीत प्रत्येक साधनास स्वतंत्र सार्वजनिक पत्ता मिळू शकतो. तिच्या वापरात भारत आघाडीच्या देशांत गणला जातो, आणि त्यात मोबाईल सेवांचा वाटा मोठा आहे. तथापि, ज्या सेवा आजही केवळ चौथ्या आवृत्तीवर चालतात, त्यांच्यासाठी रूपांतर सुरूच राहते. शिवाय सहाव्या आवृत्तीतही साधने आपला पत्ता काही काळाने बदलत असतात. म्हणून पत्ता मुबलक झाला, तरी नोंदीची गरज संपत नाही.

निष्कर्ष

१. पत्ता-रूपांतर हे पत्त्यांच्या टंचाईवरील तात्पुरते उत्तर होते. आज ते संस्थात्मक जाळ्याचे कायमचे अंग झाले आहे.
२. पत्ता व पोर्ट यांच्या अदलाबदलीने हजारो संवाद एका पत्त्यावर चालतात; मात्र ही अदलाबदल दर्शविणारा तक्ता स्वभावतःच अल्पजीवी असतो.
३. पत्ता-रूपांतर म्हणजे सुरक्षा नव्हे आणि सार्वजनिक पत्ता म्हणजे व्यक्तीची ओळख नव्हे.
४. स्वतंत्र नोंद नसल्यास संस्थेस दोषी व्यक्ती दाखविता येत नाही, तसेच निर्दोष व्यक्तीस वाचविताही येत नाही. यांतील दुसरी हानी अधिक मोठी आहे.

शिफारशी

१. रूपांतराची नोंद राऊटरबाहेरील स्वतंत्र संगणकावर सतत उतरवून किमान १८० दिवस जतन करावी.
२. राऊटर, सर्व्हर व प्रयोगशाळेतील संगणक यांची घड्याळे एकाच अधिकृत वेळेशी जुळवावीत.
३. वायफायसाठी सामाईक संकेतशब्द बंद करून वैयक्तिक खाती द्यावीत. संगणक कक्षातही तीच पद्धत असावी.
४. विभागांनी परस्पर राऊटर जोडू नयेत, असा ठराव संबंधित समितीने करावा.
५. बाहेरून येणाऱ्या तक्रारीत पोर्ट क्रमांक व अचूक वेळ नसल्यास, प्रथम त्यांची लेखी मागणी करावी. तोपर्यंत कोणाचीही व्यक्तिगत चौकशी सुरू करू नये.
६. नोंदी पाहण्याचे अधिकार मर्यादित ठेवून प्रत्येक पाहणीची स्वतंत्र नोंद करावी.

यांपैकी बहुतेक शिफारशींसाठी मोठ्या निधीची आवश्यकता नाही. उपलब्ध साधनांतील सोयी सुरू करणे व एका व्यक्तीवर जबाबदारी सोपविणे पुरेसे आहे. प्रत्येक महाविद्यालयात जावक वही चोख ठेवली जाते, कारण उद्या कोणी विचारले तर उत्तर देता यावे ही त्यामागील भूमिका असते. इंटरनेटच्या दारावरही तशीच वही असती, तर त्या प्रयोगशाळा सहायकाविषयी महाविद्यालयास एक ओळ खात्रीने लिहिता आली असती.